टाइमआउट नेमका कुठला? एका डॉक्युमेंटेशन पॅचची हकिगत

रोजच्या कामात मी एक मुक्त-स्रोत कमांड-लाइन टूल वापरते. दोन मशिनांवरच्या फाइली एकमेकींशी जुळत्या ठेवायच्या, एवढंच त्याचं काम, आणि ते ते चोख करतं. त्याचं डॉक्युमेंटेशनही एकंदरीत बरं आहे. फक्त दूरच्या सर्व्हरशी जोडणी करण्याविषयीचं पान कुणीतरी कधीकाळी घाईघाईत लिहून टाकलेलं, आणि त्यानंतर त्याला कुणी हात लावलेला नव्हता. त्या पानावरचं एक वाक्य नेहमी नडायचं. त्याचा अर्थ असा: 'जोडणी वारंवार तुटत असेल तर टाइमआउट वाढवा आणि पुन्हा सुरू करा.' टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट बघायची मुदत, वाढवायचा कुठे? आणि पुन्हा सुरू करायचं ते काय? टूल, त्याची मागे चालणारी सर्व्हिस, की सगळं मशिनच? माझ्या टीममध्ये नव्याने आलेल्या प्रत्येकाला हे वाक्य तोंडी उलगडून सांगावं लागायचं. शेवटी म्हटलं, मूळ पानच दुरुस्त करून ती दुरुस्ती, म्हणजे पॅच, प्रकल्पाला पाठवू.

रेपॉझिटरी, म्हणजे प्रकल्पाच्या सगळ्या फाइलींचा साठा, उतरवून घेतली आणि कॉन्ट्रिब्यूटरांसाठीची, म्हणजे बदल पाठवणाऱ्यांसाठीची, मार्गदर्शिका उघडली. दुरुस्ती होती वाक्याची आणि मार्गदर्शिका निघाली हातभर लांब. शीर्षकाखाली कुठलं चिन्ह ओढायचं, इंडेंट किती स्पेसचा, ओळ कुठे तोडायची, फाइलचं नाव कसं छापायचं, बटणाचं कसं, कमिट मेसेजची, म्हणजे नोंदवलेल्या बदलासोबतच्या टिपेची, पहिली ओळ केवढी. पहिल्या वाचनात मला तो सगळा कारकुनी कारभार वाटला. कुतूहल म्हणून इतर मोठ्या प्रकल्पांच्या मार्गदर्शिकाही चाळल्या. पायथॉनच्या डेव्हलपर गाइडमध्ये डॉक्युमेंटेशनचा वेगळा भाग आहे, फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमची नव्या कॉन्ट्रिब्यूटरांसाठी एक अख्खी पुस्तिका आहे, लिनक्स कर्नलच्या सोर्समध्येच डॉक-गाइड नावाची डिरेक्टरी आहे. तपशील प्रत्येकाचे निराळे, पण प्रश्न तेच. तेव्हा हा एका प्रकल्पाचा खडूसपणा नाही, एवढं तरी कळलं.

आमच्या टूलचं डॉक्युमेंटेशन रीस्ट्रक्चर्ड टेक्स्ट या मार्कअप भाषेत, म्हणजे साध्या मजकुरात खुणा घालून, लिहिलेलं आहे आणि स्फिंक्स नावाचं टूल त्यातून एचटीएमएल पानं तयार करतं. स्फिंक्स मुळात पायथॉनच्या डॉक्युमेंटेशनसाठी तयार झालं, २००८ मध्ये. आता लिनक्स कर्नलसकट असंख्य प्रकल्प ते वापरतात. मार्गदर्शिकेतली पहिली सूचना होती: काहीही बदलण्याआधी आहे तसं डॉक्युमेंटेशन आपल्या मशिनवर बिल्ड करा, म्हणजे त्याची पानं तयार करून बघा. ही सूचना फार शहाणपणाची निघाली. बिल्डमध्ये आधीपासूनच काही वॉर्निंग होत्या. त्या मी बाजूला टिपून ठेवल्या, म्हणजे पुढे एखादी नवी वॉर्निंग आली की ती माझीच, याबद्दल शंका उरली नाही. प्रकल्पाच्या सीआयमध्ये, म्हणजे प्रत्येक बदल आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेत, नव्या वॉर्निंगला माफी नव्हती. एखादा क्रॉस-रेफरन्स कुठेच पोचत नसेल, तर बिल्ड तिथेच लाल.

शीर्षकांचा नियम मला आधी सगळ्यात निरर्थक वाटला होता. रीस्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये शीर्षकाच्या खाली = किंवा - किंवा ~ अशी चिन्हांची रेघ ओढतात. कुठलं चिन्ह कुठल्या पातळीचं, हे ती भाषा स्वतः ठरवत नाही. फाइलमध्ये जे चिन्ह आधी येईल ते वरच्या पातळीचं, नंतर येईल ते खालच्या, असं वाचत वाचत ती ताडते. त्यामुळे एका फाइलमध्ये - म्हणजे प्रकरण आणि दुसऱ्या फाइलमध्ये - म्हणजे उपविभाग, असं बिनदिक्कत होऊ शकतं; बिल्डला त्याचं सोयरसुतक नसतं. पण दुसऱ्या फाइलमधला तुकडा उचलून इथे चिकटवला की पातळ्यांची खिचडी होते. म्हणून प्रत्येक प्रकल्प आपला क्रम एकदा ठरवून टाकतो. कर्नलमध्ये दस्तऐवजाच्या शीर्षकाला वर आणि खाली =, प्रकरणाला खाली =, विभागाला -, उपविभागाला ~. पायथॉनचा क्रम वेगळा आहे. कुठला बरोबर, हा प्रश्नच नाही.

मार्गदर्शिकेत ही कारणं कुठेही दिलेली नव्हती, ही माझी तक्रार आजही आहे. नियम दिला आणि 'असं करा' म्हणून सोडून दिलं. कारणाची एक ओळ जोडली असती, तर हे सगळं मला स्वतः उलगडत बसावं लागलं नसतं.

बॅकटिकचं, म्हणजे ` या चिन्हाचं, प्रकरण मात्र कारण माहीत असूनही बोटांच्या सवयीत बसायला वेळ लागला. मार्कडाउन या दुसऱ्या मार्कअप भाषेत एका बॅकटिकमध्ये शब्द ठेवला की तो कोड म्हणून दिसतो. रीस्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये त्यासाठी दोन्ही बाजूंना दोन-दोन बॅकटिक लागतात. एकच ठेवला तर तो शब्द 'डिफॉल्ट रोल'मध्ये जातो (रोल म्हणजे तो शब्द कशाचं नाव आहे ते सांगणारी खूण), आणि प्रकल्पाने काही वेगळं ठरवलेलं नसेल तर नुसता तिरपा छापला जातो. बिल्ड पास होतो, वॉर्निंग येत नाही, पान उघडल्यावर कमांडचं नाव पुस्तकाच्या नावासारखं तिरपं दिसतं. मार्कडाउनमधून आलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या पॅचमध्ये हे सापडतं म्हणे. आमच्या मार्गदर्शिकेत तर पान ब्राउझरमध्ये उघडून बघितल्याशिवाय पॅच पाठवू नका, असं ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं.

आता मूळ वाक्याकडे.

मार्गदर्शिकेचा सगळ्यात मोठा विभाग रोलविषयी होता. शब्द ठळक करायचा की टाइपरायटरच्या अक्षरांत दाखवायचा, हे लिहिणाऱ्याने ठरवायचं नाही. ती गोष्ट काय आहे एवढंच सांगायचं. फाइल असेल तर फाइलचा रोल, कीबोर्डवरची कळ असेल तर कळीचा, स्क्रीनवरचं बटण असेल तर बटणाचा, कमांडचा ऑप्शन असेल तर ऑप्शनचा, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सिस्टिममध्ये नाव देऊन ठेवलेली, टूलला वाचता येणारी किंमत) असेल तर त्याचा. ते कसं दिसावं ते थीम बघून घेईल. हे तत्त्व नवीन नाही. डॉकबुक ही मार्कअप भाषा १९९१ मध्ये सुरू झाली तेव्हापासून तांत्रिक लेखनात ते रुजलेलं आहे, आणि फ्रीबीएसडीचं डॉक्युमेंटेशन २०२१ मध्ये अ‍ॅस्कीडॉकवर येईपर्यंत डॉकबुकमध्येच होतं. वाचताना मी मान डोलावली आणि पुढे गेले. अर्थ समजला तो प्रत्यक्ष 'टाइमआउट' या शब्दाला रोल लावायला बसले तेव्हा.

कुठला रोल लावायचा? टाइमआउट हा कमांडचा ऑप्शन आहे, असं मी धरून चालले होते, कारण मी तो तसाच वापरत आले होते. खात्री करावी म्हणून टूलचा सोर्स कोड उघडला. तर टाइमआउट तीन ठिकाणी निघाला. कमांडवर देण्याचा ऑप्शन होता. एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल होतं. कॉन्फिग फाइलमध्येही, म्हणजे सेटिंगच्या फाइलमध्ये, त्याच नावाची नोंद होती. टूल आधी कॉन्फिगमधली किंमत धरायचं, मग व्हेरिएबल असेल तर त्याची किंमत तिच्या जागी घ्यायचं, आणि कमांडवर ऑप्शन दिला असेल तर सगळ्यांवर त्याची सरशी. हा क्रम डॉक्युमेंटेशनमध्ये कुठेही नव्हता.

खरा धक्का पुढेच होता. ऑप्शनची किंमत सेकंदांत घेतली जात होती. कॉन्फिगमधलीही सेकंदांत. व्हेरिएबलची मात्र मिलिसेकंदांत. म्हणजे पानावरचा सल्ला मानून कुणी व्हेरिएबलमध्ये ६० टाकले, तर एका मिनिटाऐवजी ६० मिलिसेकंदांत जोडणी तुटणार. टाइमआउट वाढवायला गेलेल्या माणसाची जोडणी आधीपेक्षा जास्त तुटणार. प्रकल्पाच्या जुन्या तक्रारींमध्ये शोधलं, तर अगदी असंच वर्णन करणारी तक्रार तिथे पडून होती. 'पुन्हा सुरू करा'चाही उलगडा झाला. कॉन्फिग फाइल मागे चालणारी सर्व्हिस फक्त सुरू होताना वाचते, म्हणून ती बदलली तर सर्व्हिस पुन्हा सुरू करावी लागते. ऑप्शन दिला तर काहीच पुन्हा सुरू करायची गरज नाही. मूळ लेखकाच्या डोक्यात कॉन्फिगची नोंद असणार, आणि त्याच्यापुरतं ते वाक्य शंभर टक्के खरं होतं.

शब्द ठळक करून पुढे जायची मुभा असती, तर मी तेच केलं असतं. रोल निवडायचा होता म्हणून सोर्स उघडावा लागला. स्फिंक्समध्ये ऑप्शनचा रोल तेव्हाच नीट जुळतो, जेव्हा तो ऑप्शन कुठेतरी ऑप्शन डिरेक्टिव्ह (अशी नोंद करणारी आज्ञा) लावून रीतसर नोंदवलेला असतो, व्हेरिएबलचंही तसंच. आमच्याकडे ऑप्शनची नोंद होती, व्हेरिएबलची नव्हती. म्हणून बिल्डने लगेच हाक मारली की ज्याकडे बोट दाखवताय ते अस्तित्वातच नाही. संदर्भ विभागात व्हेरिएबलची नोंद करावी लागली, नोंद करायची म्हणजे त्याचं वर्णन लिहावं लागलं, आणि वर्णनात एकक लिहिणं आलंच. कॉन्फिगच्या नोंदींसाठीचं डिरेक्टिव्ह स्फिंक्सने ७.४ या आवृत्तीपासून स्वतःच दिलं. त्याआधी प्रकल्प आपापल्या सेटिंगमध्ये ते बनवून घ्यायचे, आणि आमचा प्रकल्प अजूनही आपलं घरचंच वापरतो. त्यामुळे त्याचं नाव वेगळं. हे मार्गदर्शिकेच्या तळाशी एका वाक्यात दडलेलं होतं.

एका वाक्याच्या जागी मला तीन गोष्टी लिहायच्या होत्या: कुठे द्यायचं, एकक काय, कधी लागू होतं. साहजिकच तक्ता डोक्यात आला. रीस्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये आडव्या-उभ्या रेघा, अधिकची चिन्हं असं सगळं हाताने आखून तक्ता काढता येतो. मजकुरातही तो देखणा दिसतो. मार्गदर्शिका त्याला ठाम नकार देते, आणि इथे मी मार्गदर्शिकेच्या बाजूची आहे. असल्या तक्त्यात एका चौकटीतला शब्द दोन अक्षरांनी लांबला की सगळ्या रेघा परत आखाव्या लागतात, आणि डिफमध्ये, म्हणजे बदललेल्या ओळी दाखवणाऱ्या यादीत, अख्खा तक्ता बदललेला दिसतो. नेमकं काय बदललं ते शोधत रिव्ह्यू करणारा बसतो. त्याऐवजी यादीच्या रूपात तक्ता लिहायचं डिरेक्टिव्ह आहे: प्रत्येक चौकट आपल्या ओळीवर, बदल एका ओळीचा, डिफही एका ओळीचा. दिसायला ते अगदीच रुक्ष आहे.

डिफचा हाच विचार ओळी तोडण्याच्या नियमामागे होता. यावर दोन पंथ आहेत. पायथॉनच्या डॉक्युमेंटेशनमध्ये ओळ जास्तीत जास्त ८० अक्षरांची. फ्रीबीएसडीच्या अ‍ॅस्कीडॉकमध्ये एका ओळीवर एक वाक्य, मग ओळ कितीही लांब होवो. आमचा प्रकल्प दुसऱ्या पंथाचा. ही कल्पना बरीच जुनी आहे. १९७४ मध्ये ब्रायन कर्निहान यांनी युनिक्सच्या नवशिक्यांसाठी लिहिलेल्या टिपणात प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर सुरू करा, असाच सल्ला दिला होता, कारण मजकुराच्या आवृत्त्या आपण धरतो त्यापेक्षा नेहमी जास्तच होतात. ८० अक्षरांवर ओळी तोडलेल्या परिच्छेदात सुरुवातीला एक शब्द घातला आणि परिच्छेद पुन्हा जुळवला, की खालच्या सगळ्या ओळी सरकतात. एक शब्द बदलला, डिफ मात्र आठ ओळींचा. वाक्याला ओळ दिली की बदललेलं वाक्य तेवढं उठून दिसतं. शब्दागणिक डिफ दाखवायची सोय गिट या आवृत्त्या सांभाळणाऱ्या टूलमध्ये आहे, हे खरं. पण रिव्ह्यू करणारा तो पर्याय लावून बघेलच, याची हमी कोण देणार?

या नियमाचा माझ्या लिहिण्यावर झालेला परिणाम मात्र मला अपेक्षित नव्हता. वाक्यं एकाखाली एक आली की त्यांची लांबी डोळ्यांना दिसते. एक ओळ पार एडिटरच्या उजव्या कडेपर्यंत पळतेय, आणि तिच्यात दोन 'आणि', एक 'पण' आणि कंसात एक अपवाद कोंबलेला आहे, हे न वाचताही कळतं. अशी तीन वाक्यं मी फोडली, तीही कुणी सांगण्याआधी.

लिंकच्या बाबतीत तर टूलनेच मला शैली शिकवली. जुन्या पानावर 'अधिक माहिती इथे' अशा दोन लिंक होत्या, दोन वेगवेगळ्या पानांकडे जाणाऱ्या, आणि त्या कशाबशा एका वेगळ्याच पद्धतीने लिहिलेल्या होत्या. मी त्या नेहमीच्या पद्धतीने लिहिल्या आणि बिल्डने वॉर्निंग दिली: एकाच नावाची दोन लक्ष्यं. कारण या भाषेत लिंकचा दिसणारा मजकूर हेच तिचं नावही असतं. शेवटी एक अंडरस्कोर असेल तर ते नाव नोंदवलं जातं, आणि तेच नाव दोन पत्त्यांना देता येत नाही. शेवटी दोन अंडरस्कोर दिले की लिंक अनामिक होते आणि वॉर्निंग गप्प बसते. आधीच्या लेखकाने तेच केलं होतं. पण मार्गदर्शिकेचं म्हणणं, आधी मजकूर बदलून बघा. स्क्रीन रीडर वापरणारे अनेक जण पानावरच्या लिंकची नुसती यादी ऐकतात. त्या यादीत 'इथे', 'इथे', 'इथे' ऐकून कुणाला काय कळणार? 'की तयार करणे' आणि 'फायरवॉलचे पोर्ट' असा मजकूर दिला, तर यादीही अर्थपूर्ण होते आणि एक अंडरस्कोरही पुरतो.

उदाहरणांमधले पत्ते हा असाच एक छोटा पण पक्का नियम. जुन्या पानावर कंपनीचं वाटावं असं काहीतरी रचलेलं डोमेन होतं. रचलेलं डोमेन उद्या कुणीही विकत घेऊ शकतं, आणि मग आपल्या पानावरची कमांड जशीच्या तशी चालवणारे लोक त्या अनोळखी माणसाच्या सर्व्हरचं दार वाजवत बसतील. त्यासाठीच 'एक्झाम्पल डॉट कॉम' १९९९ च्या आरएफसी २६०६ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजाने राखून ठेवलं आहे, आणि आयपी पत्त्यांसाठी २०१० च्या आरएफसी ५७३७ ने १९२.०.२.० पासूनचा २५६ पत्त्यांचा गट आणि तसेच आणखी दोन गट. हे वापरायचे आणि बिनघोर राहायचं.

कमांडच्या आधीच्या प्रॉम्प्टवरून, म्हणजे ओळीच्या सुरुवातीच्या चिन्हावरून, मात्र मी थोडी कुरकुर केली. आमच्या मार्गदर्शिकेप्रमाणे कमांड आणि तिचं आउटपुट एकत्र दाखवायचं असेल तरच प्रॉम्प्ट लिहायचा, नाहीतर नुसती कमांड. फ्रीबीएसडीत साध्या वापरकर्त्यासाठी % आणि रूटसाठी, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्यासाठी, # असा प्रॉम्प्ट लिहितात, आणि मला ती पद्धत जास्त आवडते, कारण कुठली कमांड कुणाच्या हक्काने चालवायची ते एका नजरेत कळतं. प्रॉम्प्ट नसला तर ते आधीच्या वाक्यात सांगावं लागतं, आणि वाक्यं न वाचता थेट कमांड कॉपी करणारेच वाचक जास्त. पण कॉपी करताना प्रॉम्प्टही सोबत जातो आणि शेल 'अशी कमांड नाही' म्हणून खेकसतं, हेही तितकंच खरं. वाद घालण्याइतकं ते महत्त्वाचं नव्हतं. मी मार्गदर्शिकेप्रमाणे केलं.

पॅच पाठवताना तो तुकड्यांत पाठवला. ओळी नव्याने तोडणं एका कमिटमध्ये, मजकुरातले बदल दुसऱ्यात, व्हेरिएबलची नवी नोंद तिसऱ्यात. मजकूर आणि मांडणी यांची सरमिसळ करू नका, हा नियम फ्रीबीएसडीच्या पुस्तिकेतही आहे, आणि तो मुख्यतः अनुवादकांसाठी आहे. मांडणीचा कमिट ते डोळे मिटून सोडून देऊ शकतात. आमच्या टूलचं डॉक्युमेंटेशन काही भाषांमध्ये जातं, आणि स्फिंक्सच्या गेटटेक्स्ट व्यवस्थेत अनुवादाचं एकक साधारणपणे परिच्छेद असतं. परिच्छेदातला एक शब्द जरी बदलला, तरी त्या परिच्छेदाचा अनुवाद 'संशयित' म्हणून बाजूला पडतो आणि प्रत्येक भाषेतल्या कुणाला तरी तो पुन्हा तपासावा लागतो. उगाच एखादं विशेषण बदलायचा मोह हे वाचल्यावर आवरला. प्रत्येक कमिटच्या शेवटी 'साइन्ड-ऑफ-बाय' ही ओळ हवी होती. हा मजकूर पाठवायचा अधिकार मला आहे, एवढं ती ओळ जाहीर करते. ही पद्धत लिनक्स कर्नलने २००४ मध्ये सुरू केली आणि तिथून इतरांनी उचलली. गिटला एक छोटा ऑप्शन दिला की ती आपोआप लागते.

रिव्ह्यू आला तो अपेक्षेपेक्षा शांत. मार्कअपबद्दल मेंटेनरांना, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्यांना, फारसं काही म्हणायचं नव्हतं. ते सगळं बिल्डने आधीच माझ्याकडून करून घेतलं होतं. 'नव्या आवृत्तीत' असं मी एका ठिकाणी लिहिलं होतं, त्यावर त्यांनी आवृत्तीचा आकडा मागितला. डॉक्युमेंटेशनमध्ये 'नवीन', 'सध्या', 'अलीकडे' हे शब्द लिहिले त्या दिवसापासून शिळे होऊ लागतात. आकडा होत नाही. त्यासाठी 'अमुक आवृत्तीत बदलले' असं सांगणारं डिरेक्टिव्हच आहे, म्हणून ते वाक्य काढलं आणि डिरेक्टिव्ह घातलं.

खरा वाद झाला तो मजकूर कुठे ठेवायचा यावरून. प्रकल्पाने पानं चार प्रकारांत वाटली आहेत: शिकवणारी, काम करून दाखवणारी, संदर्भाची आणि समजावणारी. दानिएले प्रोचिदा यांनी मांडलेली दायटॅक्सिस ही रचना आता बऱ्याच प्रकल्पांत दिसते. माझं पान काम करून दाखवण्याच्या प्रकारातलं. मेंटेनरांचं म्हणणं, तिन्ही ठिकाणांचा अग्रक्रम आणि त्यांची एककं ही माहिती संदर्भाची आहे, ती संदर्भ विभागात जाऊ द्या आणि इथे फक्त दुवा ठेवा. अग्रक्रमाबद्दल मला ते पटलं. एककाबद्दल नाही. ज्याची जोडणी तुटतेय आणि जो घाईत पायऱ्या करत निघालाय, तो दुवा उघडणार नाही. तो ६० टाकेल आणि पुढे जाईल. मी लिहिलं की मिलिसेकंदांची गोष्ट पायरीतच हवी, वाटल्यास ठळक इशाऱ्याच्या चौकटीत.

त्यांनी चौकटीला नकार दिला. इशाऱ्याची चौकट या प्रकल्पात डेटा जाण्याचा धोका असेल तिथेच वापरतात. जिथे-तिथे वापरली तर लोक ती वाचणं सोडून देतात. पण मूळ मुद्दा त्यांना मान्य होता. मग तोडगाही त्यांनीच सुचवला: इशारा वेगळा लिहूच नका, उदाहरणातच किंमत ६०००० द्या आणि त्याच वाक्यात 'मिलिसेकंद, म्हणजे एक मिनिट' असं लिहा. वाचक काही न वाचता कमांड जशीच्या तशी उचलेल, तरी त्याच्या हाती योग्य आकडा पडेल. माझ्या चौकटीपेक्षा हे कितीतरी चांगलं होतं. अग्रक्रमाचा तक्ता संदर्भ विभागात गेला, एकक मात्र माझ्या पानावर राहिलं.

तक्ता हलवल्याने एक नवाच प्रश्न आला. विभागाचं शीर्षक मी बदललं होतं, आणि पानावरचा अँकर, म्हणजे थेट त्या विभागाकडे नेणारा पत्त्याचा तुकडा, शीर्षकातूनच आपोआप तयार होतो. शीर्षक बदललं की अँकर बदलतो आणि बाहेरून त्या विभागाकडे थेट येणारे दुवे पानाच्या डोक्यावर येऊन थांबतात. आतले दुवे बिल्डला कळतात. बाहेरचे त्याला कळायचा मार्गच नाही. उपाय सोपा: शीर्षकाच्या वर जुन्या नावाचं लेबल हाताने लिहायचं. जुना अँकर जिवंत राहतो, नवाही चालतो. लेबल मात्र सगळ्या प्रकल्पात एकमेव हवं. नव्या नावासाठी मला हवं असलेलं 'टाइमआउट' हे लेबल दुसऱ्या कुणीतरी आधीच बळकावलेलं होतं, म्हणून पुढे पानाचं नाव जोडून नवं लेबल केलं. या लेबलांच्या नावांसाठी मार्गदर्शिकेत एकही ओळ नव्हती. शीर्षकाखालच्या चिन्हावर अर्धं पान आणि लेबलवर काही नाही, याला काय म्हणावं! तेवढा परिच्छेद मी वेगळ्या पॅचमध्ये लिहून पाठवला आणि तो पहिल्या पॅचच्या आधी मर्ज झाला, म्हणजे मूळ प्रकल्पात सामील झाला.

कर्नलच्या डॉक-गाइडमधली एक सूचना या सगळ्या काळात मी मधूनमधून वाचायचे: मार्कअपचा अतिरेक करू नका, साधा मजकूर म्हणूनही दस्तऐवज वाचता आला पाहिजे. आमच्या मार्गदर्शिकेतही ती असायला हवी होती. रोलची गोडी लागली की माणूस प्रत्येक नामाला रोल चिकटवत सुटतो. माझ्या मसुद्यात ऑप्शनचं नाव एका परिच्छेदात पाचदा आलं होतं आणि पाचही वेळा त्याची लिंक होती. पान निळ्या ठिपक्यांनी भरून गेलं. स्फिंक्समध्ये पायथॉनच्या फंक्शन-क्लासच्या नावाआधी उद्गारचिन्ह दिलं तर ते कोड म्हणून छापलं जातं पण लिंक होत नाही. ऑप्शनसाठी मी सरळ दुहेरी बॅकटिक वापरले. पहिल्या उल्लेखाला लिंक, पुढच्यांना साधा कोड.

पॅच मर्ज झाला. जुन्या तक्रारीखाली नव्या पानाचा दुवा टाकला, तेव्हा कोड बघणाऱ्यांपैकी एकाने टूलच्या हेल्पचा मजकूर दाखवला. तिथेही व्हेरिएबलचं नाव होतं आणि एकक नव्हतं. ती दुरुस्ती एका ओळीची होती, पण तिच्यावरून वेगळाच प्रश्न निघाला: एक व्हेरिएबल मिलिसेकंदांत आणि बाकी सगळं सेकंदांत, हे असंच ठेवायचं का? एकक बदललं तर लोकांच्या चालत्या स्क्रिप्ट मोडतील. म्हणून सेकंदांत किंमत घेणारं नवं व्हेरिएबल आणायचं आणि जुन्याला 'कालबाह्य' ठरवायचं, असा प्रस्ताव आला. त्यासाठी लागणारा डॉक्युमेंटेशनचा भाग माझ्याकडे आहे. कालबाह्यतेच्या डिरेक्टिव्हमध्ये आवृत्तीचा आकडा लागतो, आणि तो अजून कुणालाच माहीत नाही. पायथॉनमध्ये अशा जागी 'नेक्स्ट' लिहून ठेवतात आणि रिलीजच्या वेळी स्क्रिप्ट त्या जागी खरा आकडा भरते. आमच्याकडे तशी स्क्रिप्ट नाही, म्हणून ती लिहायची की रिलीज करणाऱ्याने हाताने आकडा भरायचा, यावर सध्या चर्चा चालू आहे. माझं मत स्क्रिप्टच्या बाजूने आहे, कारण हाताने भरायचे आकडे मागे राहिल्याची दोन उदाहरणं त्याच संदर्भ विभागात आहेत.